मुकुंदाची शेळी

"पण मग जिंकलं कोण, बुवा? मी की मुकुंदा?"

चिंतूबुवा मठाच्या ओट्यावर बसून शेंगा फोडत होते. दोन दाणे वाटीत, दोन तोंडात, असं निवांत चाललं होतं.

"आधी पाणी पी," ते म्हणाले. "पुण्याहून उन्हातनं आलास."

निशिकांत पाणी प्यायला नाही. उत्तर मिळाल्याशिवाय तांब्याला हात लावायचा नाही, असं त्यानं कात्रजचा घाट उतरतानाच ठरवलं होतं. ठरवण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं.

गेल्या पाडव्यालाही त्यानं असंच एक ठरवलं होतं. निशिकांत कारखानीस हा मोठ्या कंपनीतला मोठा साहेब, आणि व्हिडिओ गेमचा मोठा शौकीन. सेल लागला की गेम घ्यायचा आणि ठेवून द्यायचा. पुढचा सेल लागला की पुढचा घ्यायचा. असे घेतलेले ढीगभर झाले, खेळलेले मात्र मोजकेच. तेव्हा या पाडव्यापासून त्या पाडव्यापर्यंत एकही नवा घ्यायचा नाही आणि घरातले सगळे संपवायचे, असा त्यानं नेम धरला. नुसता धरला नाही, पाळला. उद्या पाडवा होता आणि शेवटचा गेम संपला होता.

एवढं केल्यावर माणसाला बरं वाटावं की नाही? निशिकांताला मात्र चैन पडत नव्हतं.

म्हणून तो इथे आला होता. भोरजवळच्या या मठाशी त्याच्या घराचा वडिलांपासून घरोबा. चिंतूबुवांना व्हिडिओ गेममधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण त्यानं काही बिघडत नाही, असं निशिकांताला वाटत होतं. न्याय करायला खेळ कशाला यायला हवा?

"किती संपवले ते तरी विचारा, बुवा."

"नको."

"नाही, ऐका तर. एकूण..."

"शेंग घे."

निशिकांतानं शेंग घेतली आणि हातातच धरून ठेवली.

"मला एक सांग," बुवा म्हणाले. "घेतलेले आणि न खेळलेले. म्हणजे कपाटातल्या आहेराच्या साड्यांसारखे?"

"तसंच म्हणा."

"आणि त्या सगळ्या तू एका वर्षात नेसून काढल्यास?"

निशिकांताला हसू आलं नाही. "थट्टा नका करू, बुवा. झोप मोडून खेळलोय. घरच्यांची बोलणी खाल्लीत. एक अर्धा सोडला नाही. सगळे संपवले."

"संपवले म्हणजे काय केलंस?"

"शेवटचा शत्रू मारला की गेम संपतो. मग पडद्यावर नावं येतात. ज्यांनी गेम बनवला त्यांची."

"वाचलीस?"

"नावं? ती कोण वाचतं!"

"मग काय केलंस?"

"मग दुसरा लावला."

बुवांनी मान डोलावली आणि फोलपटं ओट्याखाली झटकली.

"आणि तुझा मुकुंदा?"

हे नाव निघालं की निशिकांताचा आवाज चढायचाच. मुकुंदा भुतकर त्याचा शाळेपासूनचा मित्र. औषधाचं दुकान, रविवारी बंद. त्याच्याकडे गेम खेळायचं यंत्र नव्हतं, म्हणून दर रविवारी तो निशिकांताकडे यायचा आणि निशिकांताच्या यंत्रावर खेळायचा. पोहे खायचा, चहा प्यायचा आणि खेळायचा.

"वर्षभर एकच गेम, बुवा! एकच! आणि तोही संपवला नाही. संपवणं सोडा, पहिली नदी ओलांडली नाही त्यानं."

"कसली नदी?"

"गेममधली. त्यात एक घोडेस्वार असतो. राजाचं छत्र चोरीला गेलेलं असतं, ते शोधून आणायचं. नदीपलीकडे जंगल, मग किल्ला, मग राक्षस. मी तो तीन रात्रींत संपवला. आणि हा? हा नदीच्या अलीकडे गळ टाकून बसतो. मासे धरतो आणि सोडून देतो. मी मागे उभा राहून सांगतो, मुकुंदा, अरे पुढे चल, पुढे खरी मजा आहे. तर म्हणतो, असू दे रे, राजाकडे दुसरं छत्र असेल."

बुवा मोठ्यानं हसले.

ते निशिकांताला लागलं. मुकुंदाच्या बोलण्यावर निशिकांताची बायको हसायची, आई हसायची, आणि आता बुवासुद्धा. तो इतका दमून, इतकं करून आला होता, आणि हसू मात्र मुकुंदाच्या वाट्याला.

"म्हणून विचारतो," तो म्हणाला. "जिंकलं कोण?"

बुवा शेंगा फोडत राहिले. एक शेंग कुजकी निघाली, ती त्यांनी बाजूला ठेवली.

"तू एवढे संपवलेस. त्यातला आवडला कोणता?"

"कोणता म्हणजे... बरेच."

"एक सांग."

"एक..."

निशिकांत आठवू लागला. विमानांचा एक होता. एक भुतांचा होता, त्याचं नाव आत्ता ओठांवर होतं. समोरच्या चाफ्याकडे बघत तो बराच वेळ बसला. नाव काही आलं नाही.

"बरं, गेम राहू दे," बुवा म्हणाले. "त्यातलं काहीही सांग. डोळ्यांपुढे येतं असं."

"एक शेळी होती," निशिकांत म्हणाला आणि स्वतःच दचकला.

"शेळी?"

"नदीकाठी हिंडत असते. तिला पाला दिला की मागे मागे येते. ठमी तिचं नाव. एकदा गेममध्ये पाऊस लागला, तर हिला घेऊन झाडाखाली उभं राहायचं, पाऊस थांबेपर्यंत. मी म्हटलं, अरे बाबा, भिजलं तरी काही होत नाही, गेम आहे हा. तर म्हणे, ठमीला आवडत नाही रे."

"कोण म्हणे?"

"कोण म्हणजे? मुकुंदा म्हणाला. शेळी त्याची."

"मग तुझी कुठली?"

"माझी..." निशिकांतानं हातातली शेंग ओट्यावर ठेवली. "मलाही भेटली असेल. मी घोड्यावर होतो."

चाफ्यावर एक कावळा येऊन बसला आणि उडून गेला.

"शेळी होती, म्हणालास," बुवा म्हणाले.

"हो."

"होती का रे? आता नाही?"

निशिकांतानं खिशातून रुमाल काढला. उन्हातून आल्यावर जो घाम आला नव्हता तो आता आला.

"निशिकांता..."

"पुसली."

"काय?"

"मुकुंदाचा सगळा खेळ पुसून टाकला, बुवा. तो माझ्याच यंत्रात सेव्ह केलेला असतो. त्यानं बांधलेलं खोपटं, त्याचे गळ, ती शेळी, सगळं. माझा शेवटचा गेम संपला, नावं आली, मी एकटाच बसलो होतो. घरात कुणाला सांगावं तर कुणाला पडलेलीच नाही. आणि पडद्यावर त्याचं चित्र दिसत होतं... नदीकाठी बसलेला घोडेस्वार. आणि मला ते बघवेना. यंत्रानं विचारलंसुद्धा, खरंच पुसायचं का म्हणून. दोनदा विचारलं."

"यंत्र शहाणं आहे."

"मी दोन्ही वेळा हो म्हटलं."

बुवांनी वाटी बाजूला सारली.

"रडीचा डाव," ते म्हणाले.

निशिकांताची मान खाली गेली. कंपनीत त्याला असं बोलायची कुणाची छाती नव्हती. पण हे खरंच होतं, आणि तेही पोरांच्या भाषेत सांगितलेलं, त्यामुळे वाद घालायला जागाच उरली नव्हती.

"त्याला ठाऊक आहे?"

"नाही. उद्या येईल. पाडव्याला श्रीखंड-पुरी आमच्याकडेच असते त्याची. जेवेल आणि यंत्रापुढे बसेल."

"आणि चिडेल, म्हणून घाबरलास."

"चिडला तर बरं होईल, बुवा!" निशिकांत एकदम ओरडला. "शिव्या दे म्हणावं, थोबाडीत मार म्हणावं. पण तो चिडणारच नाही. मी ओळखतो त्याला. तो हसेल. म्हणेल, जाऊ दे रे, मशीन आहे, होतं असं कधीकधी. आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करेल. पुन्हा त्या नदीकाठी जाऊन बसेल, आणि शेळी पुन्हा येईल. आणि मी पुन्हा त्याच्या मागे उभा..."

ओट्यावर ठेवलेली शेंग त्यानं पुन्हा उचलली.

"जळतो मी त्याच्यावर," तो हळूच म्हणाला. "आतून जळतो. पुसून टाकलं तरी जळतो. काहीतरी साधन सांगा, बुवा. जप सांगा, उपास सांगा. म्हणाल ते वर्षभर करीन."

"करशील. शंकाच नाही."

बुवा गुडघ्यावर हात ठेवून उठले. धोतराचा सोगा खोचला.

"ऊठ. त्या खांबाकडे तोंड कर. डोळे मीट, कपाळ टेकव, आणि शंभरपर्यंत मोज."

निशिकांत ताडकन उठला. अखेर साधन मिळालं! वडिलांना इतकी वर्षं येऊन मिळालं नव्हतं ते त्याला एका दुपारी मिळालं. मुकुंदाला असलं काही कुणी दिलं नव्हतं, हेही त्याच्या मनात येऊन गेलं. त्यानं खांबाला कपाळ टेकवलं, दीर्घ श्वास घेतला आणि गंभीर आवाजात सुरुवात केली.

"एक..."

"असं नव्हे रे," मागून आवाज आला. "दहा, वीस."

"काय?"

"दहा, वीस, तीस. लहानपणी कधी खेळला नाहीस? आणि बोटांच्या फटीतनं बघायचं नाही."

निशिकांताला क्षणभर कळेचना. मग कळलं आणि कान तापले. आपण एवढं मन उघडं केलं आणि हे म्हातारबुवा लपाछपी खेळतायत! पण डोळे मिटले होते, आणि मोजायला सांगितलं होतं. सांगितलेलं पुरं करायची त्याची सवय आडवी आली.

"दहा, वीस, तीस, चाळीस..."

शंभर झाले. त्यानं डोळे उघडले. ओटा रिकामा. शेंगांची वाटी तेवढी तिथेच होती.

"बुवा?"

उत्तर नाही.

तो आधी नाखुशीनंच निघाला. स्वयंपाकघरात डोकावला. चूल विझलेली, कुणी नाही. गोठ्यात गेला. गाईनं त्याच्याकडे बघितलं आणि पुन्हा रवंथ करायला लागली. देवळाच्या मागे बघितलं, तुळशीच्या मागे बघितलं. एवढा म्हातारा माणूस जाणार तरी कुठे? पायातले बूट वाजत होते म्हणून त्यानं ते काढून हातात घेतले. मग हातातही नको म्हणून ठेवून दिले. कोठीच्या दारामागे धोतराचं टोक दिसल्यासारखं वाटलं. तो श्वास रोखून, अनवाणी, चवड्यांवर चालत गेला. ते नुसतं वाळत टाकलेलं फडकं होतं. त्याला गंमत वाटली. आता सापडतोच, असं तो मनाशी म्हणाला, आणि मुकुंदाचं नाव मघापासून डोक्यात आलेलं नाही हे त्याच्या लक्षातही आलं नाही.

तो वळणार, एवढ्यात पाठीत दणका बसला.

"धप्पा!"

निशिकांत किंचाळला. कोठीतली कबुतरं फडफडून बाहेर पडली. बुवा पोट धरून हसत होते, आणि बघता बघता निशिकांतही हसायला लागला. हसता हसता भांडायला लागला.

"हे चालत नाही, बुवा! कुठे होतात तुम्ही?"

"तुझ्या पाठीशी. तू वळलास की मी वळत होतो."

"राज्य असणाऱ्याच्या पाठीशी लपायचं नसतं! असा नियम आहे!"

"असेल. पण धप्पा बसला ना?"

"बसला."

"मग राज्य कुणावर?"

निशिकांताचा हात खिशाकडे गेला. लहानपणी असं झालं की तो पाय आपटत घरी निघून जायचा. मुकुंदा मागून हाका मारत राहायचा. आता जायला गाडी होती, किल्ली खिशात होती.

तो गेला नाही.

"माझ्यावरच," तो म्हणाला.

दोघं ओट्याशी परत आले. बुवांना धाप लागली होती, ते टेकून बसले. निशिकांतानं तांब्या उचलला आणि घटाघटा पाणी प्यायला. मग उद्याचं आठवलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"बुवा, उद्या तो यंत्रापुढे बसेल. शेळी दिसणार नाही. माझ्याकडे बघेल..."

बुवा वाट बघत होते.

"त्याला काय सांगू?"

"सांग, शेळी मीच पुसली, आता राज्य माझ्यावर आहे. तू लप."