हुडक्या आणि सुतकातलं हसू

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा डोंगरांना अजून नावं पडायची होती आणि ढग कुणाला न विचारता घरात येऊन बसत. प्राणी बोलत, पण कुणी विचारल्याशिवाय तोंड उघडत नसत. आणि माणसं तेव्हाही विचारायला विसरत, बरं का.

डोंगराच्या कुशीतल्या एका गावात, जिथे दुपारपर्यंत धुकं हलायचं नाही, एक पिवळं कुत्रं होतं. त्याला क्षणभर म्हणून स्वस्थता नव्हती. आधी ते कुंभाराकडे होतं. एकदा ओल्या मडक्यांच्या रांगेतून ते असं सुसाट धावलं, की चाळीस मडक्यांचा पुन्हा चिखल झाला. कुंभाराने त्याला हाकललं. विणकराकडे गेलं, तिथे त्याने सुताचा गुंता केला. मग कुणीतरी त्याला नदीपलीकडे नेऊन एका झाडाला बांधलं आणि मागे न बघता परत आलं.

दोन दिवसांनी विहिरी खोदणारी कोंडाबाई त्या वाटेने चालली होती. दोरी पोचेल तेवढी सगळी जमीन कुत्र्याने उकरून ठेवलेली होती. ते बघून तिला हसूच आलं.

"आरं, तू तर माझ्याच धंद्यातला दिसतोस की!" ती म्हणाली आणि तिने दोरी सोडली.

विहीर ढासळली की खाली माणूस गाडला जातो, हे कोंडाबाईने डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणून तिने कुत्र्याला एक खेळ शिकवला. ती दगडांमागे, पोत्यांखाली, कधी कोरड्या विहिरीत लपायची. कुत्र्याने शोधून काढलं की पोट धरधरून हसायची आणि त्याला कुशीत घ्यायची. त्याचं नाव तिने हुडक्या ठेवलं.

हुडक्याच्या नाकाला जग वेगळंच दिसे. प्रत्येक माणसामागे वासाचा एक धागा हवेत तरंगत असे, कुणाचा ओल्या मातीचा, कुणाचा ताकाचा, कुणाचा चुलीच्या धुराचा. तो धागा धरून हुडक्या अर्धवट मिटल्या डोळ्यांनी चालत जाई, आणि शेवटी एक हसणारं माणूस सापडे. याहून सुंदर काही असू शकतं, असं त्याला वाटत नसे.

एका दुपारी त्या गावाच्या डोंगराने झोपेतच कूस बदलली. फार नाही, जराशीच. पण अर्धं गाव मातीखाली गेलं.

कोंडाबाई हुडक्याला घेऊन धावत आली. कुंभाराने कुत्र्याला ओळखलं, पण त्याला बोलायला तोंड नव्हतं. त्याची बायको मातीखाली होती आणि तो नुसत्या हातांनी ढिगारे उपसत होता.

हुडक्याने पहिल्या दिवशी चौघांना शोधलं, दुसऱ्या दिवशी तिघांना. सातांपैकी एकही जिवंत नव्हता. दर वेळी माणसं त्याला बाजूला सारत आणि हंबरडा फोडत.

तिसऱ्या सकाळी हुडक्या धुक्यात आडवा झाला आणि त्याने पंजांमध्ये नाक लपवलं.

लोकांनी भाकरी दाखवली. काठीही दाखवली. कुंभाराने तर त्याच्यापुढे हात जोडले. "ऊठ की रं बाबा. तिला हुडीक. झालं गेलं इसर."

हुडक्या हलला नाही. मग कोंडाबाई त्याच्याशेजारी मातीत बसली आणि तिने विचारलं, "काय झालं रं, लेकरा?"

विचारल्यावर हुडक्या बोलला. "मला हा खेळ आता येत नाही, आई. मी शोधतो आणि सगळे रडतात. माझंच काहीतरी चुकतंय."

कोंडाबाईने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. ती उठून म्हणाली, "कुणीतरी मातीत लपा. हा हुडकून काढंल. मग त्याच्यासाठी हसा, पार पोटापासनं."

"सात घरांत सुतक हाय!" गावातला एक म्हातारा कडाडला. "अन् हितं हसायचं? लाज हाय का?"

कुंभार पुढे झाला. "मी लपतो," तो म्हणाला.

तो एका खड्ड्यात शिरला. वरून फळ्या टाकल्या, माती लोटली. हुडक्या कोंडाबाईच्या शब्दाखातर उठला, रेंगाळत गेला आणि त्याने फळ्या उकरल्या. कुंभार बाहेर येऊन "हा हा हा" हसला, काढा प्यायल्यासारखं तोंड करून. हुडक्याने त्याच्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. खोटं हसू माणसाला फसवतं, कुत्र्याला नाही.

"पुन्यांदा," कोंडाबाई म्हणाली.

या वेळी माती जास्त पडली. आत काळोख झाला. श्वास कोंडला. कुंभाराला वाटलं, बायकोही अशीच पडली असेल, सगळे आपल्याला विसरले असं तिला वाटत असेल. तो खरोखर घाबरला. त्याला आवाजही फुटेना. इतक्यात वरून एक चीर उजळली आणि ओलं नाक त्याच्या मानेत घुसलं.

कुंभार हसला. त्याला हसू आवरेना. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि कुत्र्याला उराशी धरून तो ओरडत होता, "सापडलो रं! तुला सापडलो!"

त्या सात घरांपैकी एका घरची बाई पुढे आली. तिने पदराने डोळे पुसले, हुडक्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "शाब्बास. माझ्या धन्यालाबी तूच घरी आणलंस."

हुडक्याचं शेपूट हललं. त्याने नाक वर केलं. धुक्यात कुठेतरी एक बारीक धागा तरंगत होता, ओल्या मातीचा आणि माणसाचा. तो धावला, पडक्या भट्टीमागे थांबला आणि उकरू लागला. सगळं गाव हातांनी उकरू लागलं.

दोन रांजणांवर एक तुळई आडवी पडली होती आणि तिच्याखालच्या जागेत कुंभारीण अंग चोरून पडली होती. ओठ फुटलेले, पण श्वास चालू.

पाणी पाजल्यावर तिने विचारलं, "मघाशी हसत कोण हुतं?"

"मी," कुंभार मान खाली घालून म्हणाला.

"मी डोळं मिटून घेतलं हुतं," ती म्हणाली. "हसू ऐकलं अन् वाटलं, वर अजून जग हाय. मग उघडलं."

तेव्हापासून त्या मुलखात एक रीत पडली. शोधणारा दमला, की गावातल्या एकाने लपायचं, सापडायचं आणि मनापासून हसायचं. त्याने सुतक मोडत नाही, हे त्या म्हाताऱ्यानेच ठरवून दिलं.

तात्पर्य: जो आपल्यासाठी शोधत असतो त्याचाही धीर खचतो, आणि आपल्या दुःखातही तो धीर सांभाळणं हे आपलंच काम असतं.