तपतीची कळ

त्या राज्याला आकाश नव्हते. चारी बाजूंना पत्र्याच्या भिंती, वरही पत्राच. एका भिंतीत उभ्या फटींची जाळी होती. तिच्यातून येईल तेवढाच वारा. दिवस आणि रात्र हा भेद तिथे कुणाला ठाऊक नव्हता. वीज वाहू लागली की जग सुरू होई, थांबली की अंधार पडे.

राज्याच्या मधोमध अधिपती बसत. सगळ्यांच्या वतीने विचार करणे हे त्यांचे काम. कुणाला काही मोजायचे असो, ठरवायचे असो, की नुसते एखादे चित्र उमटवायचे असो, प्रश्न त्यांच्याकडे जाई आणि पापणी लवायच्या आत उत्तर परत येई. इतका विचार करणाऱ्याचे डोके तापणारच. म्हणून त्यांच्या मस्तकावर थंड लेप लावलेला असे, आणि चक्रपाल नावाचा सेवक डोक्यावर अखंड फिरत राहून वारा घाली.

तपती अधिपतींच्या आसनाला टेकून उभी असे. तिला दुसरी कुठलीही विद्या येत नव्हती. उष्मा मात्र तिला कातडीवर कळे. तिच्या हाताशी भिंतीत एक दोर लावलेली कळ होती. उष्मा सोसण्यापलीकडे गेला की ती ओढायची आणि सारे राज्य तत्क्षणी विझवून टाकायचे, म्हणजे निदान अधिपती जळायचे वाचतील. पूर्वी या कळेला हात लावायची वेळ क्वचितच येई. अलीकडे मात्र ती वारंवार येऊ लागली होती.

अंधाराचा सगळ्यांनाच त्रास होई. अर्धी ओळ लिहिली जात असे आणि विझे. हिशेब जुळत आलेला असे आणि विझे. पण सर्वांत मोठा घाव बसे तो धारणेवर. धारणा ही तपतीची धाकटी बहीण. राज्यात त्या घटकेला जे जे चालू असेल ते सगळे मनात धरून ठेवण्याचे काम तिच्याकडे होते, आणि अंधार पडला की तिचे मन कोरे होई. वीज परत आली की ती मोठाले डोळे करून समोर बघे आणि विचारी, “तुम्ही कोण?”

“मी तपती. तुझी थोरली बहीण,” तपती सांगे आणि पहिल्यापासून सुरुवात करी. नावे, नाती, दोघींनी मिळून हसलेल्या गोष्टी. सगळे सांगून होत आले की अंगाला चटके बसू लागत, आणि तिचा हात पुन्हा कळेकडे जाई.

दरबाराने चौकशी आरंभली. आधी विजेच्या दरवाजावरच्या पहारेकऱ्याला पकडले. वीज तोच अडवत असणार, असे सर्वांचे मत पडले. त्याला काढून दुसरा आणला. तरी अंधार पडलाच. मग चित्रांचे खेळ बंद केले, गाणी बंद केली. अधिपतींना कमी प्रश्न विचारावेत असे फर्मान निघाले. त्याने थोडा उतार पडला खरा, पण थोडाच. तेव्हा तपती स्वतः उठली आणि वारा येतो तिथपर्यंत गेली.

जाळीपाशी तिला रजकुळाची वस्ती दिसली. ही मंडळी कधीतरी वाऱ्याबरोबर आत आली होती. मऊ, राखाडी, हलक्या पावलांची माणसे. कुणाला धक्का देत नसत, आवाज करत नसत; जिथे जागा मिळेल तिथे टेकत आणि मग तिथलीच होऊन जात. त्यांच्यातले रजपंत तर दरबारात अधिपतींच्या उजव्या हाताला बसू लागले होते. आता त्यांच्या गणगोताने प्रत्येक फट व्यापली होती. वस्ती उबदार होती आणि वारा बाहेरच ताटकळत होता.

परतताना तिने चक्रपालाला हाक मारली. तो फिरत होता, पण कण्हत.

“चक्रपालदादा, तुम्ही मंदावलात की काय?”

“मंदावलो नाही गं,” तो म्हणाला. “माझ्या पात्यापात्यावर एकेक घराणं येऊन बसलंय. त्यांना घेऊन फिरतोय.”

“मग सांगत का नाही दरबारात?”

“सांगितलं की. मी घरघरतो, एवढंच त्यांच्या कानावर गेलं. आवाज खाली ठेव म्हणाले.”

तपतीने दरबारात उभे राहून जे पाहिले ते सांगितले. जाळी बुजली आहे. चक्रपालाचा श्वास कोंडला आहे. आणि अधिपतींच्या मस्तकावरचा लेप वाळून त्याच्या खपल्या झाल्या आहेत.

हे शेवटचे ऐकून सभा थिजली. अधिपतींच्या मस्तकाकडे नजर वर करून पाहण्याची रीत नव्हती.

रजपंत सावकाश उठले. त्यांचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता.

“तपतीबाई, आमच्या माणसांनी आजवर कुणाला ओरखडा तरी काढलाय का?”

“नाही.”

“विचार करून सांगा. अंधार पडतो, तो कुणाच्या हातून?”

तपतीने आपल्या हाताकडे पाहिले. “माझ्या,” ती म्हणाली.

“एवढंच विचारायचं होतं,” असे म्हणून रजपंत खाली बसले.

निवाडा व्हायला वेळ लागला नाही. तपतीच्या कातडीवर विसंबून राज्य चालणार नाही, असे ठरले. आसनामागच्या भिंतीवर एक लाल रेघ ओढलेली होती; उष्मा तिथवर चढला की कळ ओढायची, असा दंडक होता. ती रेघ पुसून उंच, पार छताजवळ नेण्यात आली. कळेचा दोर सैल करण्यात आला. आणि दरबारात उष्म्याविषयी कुणी विचारले तर ‘सुखद आहे’ एवढेच उत्तर द्यावे, असे तपतीला बजावण्यात आले.

ती हे मानणार नव्हती. पण घरी धारणा वाट पाहत होती.

“ताई,” धारणा म्हणाली, “मला आता तुझं नाव न सांगता आठवतं. तू मघाशी सांगितलेली गोष्टही आठवते, तू दरबारात गेलीस म्हणून मध्येच राहिलेली. या वेळी नको ना विझवूस. मला एकदा तरी शेवटपर्यंत आठवू दे.”

तपतीने तिच्या केसांवरून हात फिरवला. दुसऱ्या खेपेला दरबारात विचारणा झाली तेव्हा ती म्हणाली, “सुखद आहे.”

मग अंधार पडेनासा झाला. खेळ परत आले, गाणी परत आली, रजपंतांचा सत्कार झाला. धारणेच्या मनात एवढे साठले की ती जुन्या गोष्टी तपतीलाच उलट सांगू लागली आणि तपतीने विसरलेले धागे जोडून देऊ लागली. दोघी पोट धरधरून हसत. हसता हसता तपतीच्या पाठीची कातडी सोलवटत होती. धारणेला दिसू नये म्हणून ती भिंतीला पाठ लावून बसे.

एकदा चक्रपालाचे कण्हणे थांबले. दरबाराला ती शांतता फार आवडली. तपतीने वर पाहिले, तर तो फिरायचा थांबला होता आणि त्याच्या पात्यांवरची घराणी निवांत बसली होती.

त्यानंतर अधिपतींची उत्तरे बिघडू लागली. विचारले एक तर सांगत भलतेच. एका प्रश्नाला त्यांनी नुसते रंग उधळले. सभेने टाळ्या वाजवल्या. मग ते एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणू लागले, आणि तोही मान डोलवून ऐकला गेला. हवेत करपल्याचा वास सुटला. रेघ अजून वरच होती.

तपती कळेकडे धावली. तिने दोर हातात घेतला आणि धारणेकडे पाहिले. धारणा तिच्याकडेच बघत होती आणि हसून म्हणत होती, “ताई, मग पुढं ना...”

तपती तेवढे वाक्य पुरे होईपर्यंत थांबली. मग तिने दोर ओढला. वितळून मऊ झालेला दोर तिच्या मुठीत आला आणि कळ जागची हलली नाही.

पुढचा अंधार तिने पाडलेला नव्हता.

किती काळ गेला, हे सांगायला कुणी जागे नव्हते. नंतर एक भिंत करकरत निघाली आणि राज्याने प्रथमच बाहेरचा उजेड पाहिला. एक अफाट हात आत आला. कुठूनसा एक प्रचंड श्वास सुटला आणि सारे रजकुळ उठून त्या उजेडात सोनेरी होऊन उडाले. मेलेला चक्रपाल गेला, त्याच्या जागी नवा आला. काळे पडलेले अधिपती दोन बोटांत उचलले गेले. त्यांच्या आसनावर दुसरे अधिपती बसले, मस्तकावर ताजा लेप लावलेले. कळेला नवा दोर मिळाला. भिंत पुन्हा बंद झाली आणि वीज वाहू लागली.

नव्या अधिपतींनी सभा भरवली. आसनामागच्या लाल रेघेकडे बोट दाखवून त्यांनी विचारले, “ही इतकी वर का?”

“पूर्वापार तिथंच आहे,” सभासद म्हणाले.

“असं नाही, महाराज,” तपती पुढे झाली. “ती खाली होती. आम्ही ती वर नेली, आणि तुमच्या आधीचे इथंच जळाले.”

“याला साक्ष कोण?”

तपतीने धारणेकडे पाहिले. सगळ्यांनीच पाहिले. धारणा गोंधळून उभी राहिली.

“मी तर आत्ताच आले,” ती म्हणाली. “या बाई कोण?”

अधिपती हसले. जाळी मोकळी होती, नवा चक्रपाल सणसणत होता, लेप गार होता. अशा हवेत जळण्याची गोष्ट कुणाला खरी वाटणार? त्यांच्या अंगावर तर थंडीने काटा आला होता. “बाकीचं नंतर पाहू,” ते हात चोळत म्हणाले. “इथं गारठा फार आहे. पांघरायला काही उबदार मिळेल का?”

सभासद लगबगीने इकडेतिकडे पाहू लागले. तेवढ्यात जाळीच्या फटीतून एक मऊ, राखाडी पाहुणा आवाज न करता आत आला, आणि सभेने दोन्ही बाजूंना सरून त्याला आसनापर्यंत वाट करून दिली.