मीठ आणि कोंडा

ही गोष्ट सांगायची नाही, असं आईने मला बजावलं आहे. तात्यांच्या कानाबद्दल तर अजिबात नाही. पण शाळेतल्या बाई म्हणाल्या, तू वर्गात तोंड उघडत नाहीस, निदान एखादी हसण्यासारखी गोष्ट लिहून तरी आण. मला हसण्यासारखी गोष्ट ही एकच ठाऊक आहे. म्हणून मी एक तोडगा काढला आहे. यातला माणूस माझा मामा नाही. तो दुसराच कुणीतरी आहे.

तर, माळावरच्या कुठल्याशा वस्तीत एक भोळा शेळीवाला राहत होता. त्याचं नाव सिदू. सिदू थोरल्या बहिणीच्या घरी राहायचा. तिला सगळे ताई म्हणत. सिदू मनाने फार चांगला होता. सांगितलेलं काम त्याने कधी टाळलं नाही. जसं सांगितलं तसंच करायचा. तेवढीच अडचण होती.

दारात चार शेळ्या होत्या. चांदी सगळ्यांत मोठी. गोठ्यातून पहिली तीच बाहेर पडणार. दुसरी कुणी पुढे गेली, तर लग्नात मान न मिळालेल्या आत्यासारखी ती तोंड फिरवून उभी राहायची. मोरणी चोर. दाराची कडी ती ओठांनी काढायची आणि मग आपला काही संबंध नाही अशा चेहऱ्याने रवंथ करत बसायची. भुरी लाजाळू. परकं माणूस दिसलं की ती चांदीच्या मागे लपायची. तिचं मागचं अर्धं अंग बाहेरच राहायचं, पण ते तिला कळत नसे. काजळी गाभण होती, पहिल्यांदाच, आणि त्यामुळे सगळ्या जगावर चिडलेली होती.

शेळ्यांचं सगळं ताई बघायची. पण ती कडब्याच्या गंजीवरून घसरली आणि तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. नेमका त्याच आठवड्यात तात्यांनी निरोप आणला. तात्या म्हणजे आमच्याकडची, म्हणजे त्या वस्तीतली, लग्नं जुळवणारे.

"रविवारी भागीरथाबाई येणार, पोरीला घेऊन," तात्या म्हणाले. "बाईच्या दारात दावण भरून शेळ्या हायत. ती पोराचं शिक्षण विचारत न्हाई, शेती विचारत न्हाई. सरळ गोठ्यात जाती. शेळ्या धड असल्या तर पोरगी देती. न्हाईतर चहा पिऊन जाती."

पोरगी म्हणजे हौसा. सिदूने तिला आठवडी बाजारात पाहिलं होतं. एका शेळीचा ओठ वर करून ती दात बघत होती आणि विकणाऱ्याला म्हणत होती, "काका, हिला तुम्ही कोवळी पाट म्हणताय, पण ही तर तुमच्याबरोबर शाळंत असंल." त्या दिवसापासून सिदूला जेवण गोड लागत नव्हतं.

"आता शेळ्या तुझ्या हातात," ताई म्हणाली. "त्या नीट ऱ्हायल्या तर तुझं लगीन. न्हाईतर बस माझ्या दारात जन्मभर."

सिदू लगेच कामाला लागला. चांदीचं दूध काढलं, मोरणीचं काढलं, मग भुरीपाशी गेला. खाली बसला आणि सरळ आचळाला हात घातला. भुरीने लाथ झाडली. बादली उडाली आणि सिदूच्या डोक्यावर पालथी झाली.

"अरं, लाजाळू हाय ती," ताई म्हणाली. "आधी पाठीवरनं हात फिरवायचा. गोड बोलायचं. मग कामाला लागायचं."

"एवढं आधी सांगायचं की," सिदू म्हणाला. त्याने खांद्यावरच्या टॉवेलच्या एका कोपऱ्याला गाठ मारली. काही ध्यानात ठेवायचं असलं की तो गाठ मारायचा.

दुसऱ्या दिवशी मोरणीने कडी काढली आणि ती शेजारच्या पारूकाकूंच्या मेथीच्या वाफ्यात शिरली. सिदू धावत गेला. तिथे पोचल्यावर त्याने टॉवेलकडे पाहिलं. गाठ होती. मग तो मोरणीशेजारी बसला आणि तिच्या पाठीवरून हात फिरवू लागला.

"शहाणी गं माझी बाय. किती सावकाश खाती. एक पान खाली सांडत न्हाई."

मोरणीशी असं आजवर कुणी बोललं नव्हतं. तिने मेथी संपवली आणि ती कोथिंबिरीकडे वळली. तेवढ्यात पारूकाकू बाहेर आल्या.

"सिदू, काय चाललंय रे?"

"गोड बोलतोय, काकू. मग कामाला लागणार हाय."

काकू ताईशी जे बोलल्या ते गोड नव्हतं. त्या गेल्यावर ताई म्हणाली, "अरं, परक्याच्या वाफ्यात दिसली की कान धरायचा. ओढत घरी आणायचं आणि खुंट्याला बांधायचं. गोड बोलत बसायचं न्हाई."

"एवढं आधी सांगायचं की," सिदू म्हणाला आणि त्याने दुसऱ्या कोपऱ्याला गाठ मारली.

पुढल्या दिवशी तात्या ताईकडे यायला निघाले. वाटेत पारूकाकू म्हणाल्या, मुळे चांगले आलेत, जाताना दोन घेऊन जा. तात्या वाफ्यात वाकले. सिदूने लांबून पाहिलं. परक्याचा वाफा होता. आत कुणीतरी होतं. त्याने टॉवेलकडे पाहिलं आणि तो निघाला.

तात्यांचा कान मोठा आहे. धरायला सोपा गेला.

"अरं, अरं, मी तात्या," तात्या सारखे सांगत होते. सिदू काहीच बोलला नाही. गोड बोलायचं नव्हतं, आणि गोड नाही तर काय बोलायचं ते ताईने सांगितलं नव्हतं. त्याने तात्यांना ओढत आणलं आणि चांदीच्या शेजारच्या खुंट्याला बांधलं. आपल्या गव्हाणीपाशी कुणी आलेलं चांदीला खपत नाही. तिने तात्यांच्या कमरेत एक धडक दिली. मोरणीने त्यांच्या टोपीची चव घेतली. भुरी चांदीच्या मागे लपली.

ताईने डाव्या हाताने आणि दातांनी दोर सोडला.

"हे स्थळ न्हाई, ताई," तात्या कान चोळत म्हणाले. "हा रोग हाय. मी भागीरथाबाईला येऊ नका म्हणून सांगतो."

ताईला हात जोडायचे होते, पण एक हात प्लास्टरमध्ये होता. म्हणून तिने एकच जोडला. "तात्या, पोर भोळं हाय. रविवारपातूर कळ काढा."

तात्या कान चोळतच निघून गेले. ताई सिदूकडे वळली. "मोठ्या माणसाचा मान ठेवायचा असतो, येड्या. घरात काय नवं, चांगलं आलं, तर आधी मोठ्याच्या घरी न्यायचं. त्याच्या आधी कुणाच्या तोंडाला लावायचं न्हाई."

"एवढं आधी सांगायचं की," सिदू म्हणाला. तिसरी गाठ.

शुक्रवारी ताई हात दाखवायला तालुक्याच्या दवाखान्यात गेली आणि इकडे काजळी व्याली. एकच पिल्लू झालं, काळंभोर, कपाळावर पांढरा ठिपका. शेळी व्याली की पहिलं दूध घट्ट आणि पिवळसर येतं. त्याला चीक म्हणतात. पिल्लाच्या पोटात तो लवकर जावा लागतो, नाहीतर पिल्लू जगणं कठीण. सिदूला हे माहीत होतं. पण चीक नवा होता, चांगला होता, आणि टॉवेलला गाठ होती.

पिल्लू धडपडत आचळाकडे निघालं, तसं सिदूने त्याला उचललं आणि पाटीखाली झाकून ठेवलं.

"जरा दम धर," तो म्हणाला. "आधी मोठ्यांचा मान."

मग त्याने चीक काढला आणि तांब्या घेऊन तो तात्यांच्या घरी गेला. तात्यांना खरवस फार आवडतो. त्यांनी तांब्यात पाहिलं. कान चाचपला. पुन्हा तांब्यात पाहिलं.

"पोरात गुण हाय," तात्या म्हणाले. "येऊ दे बाईला रविवारी."

सिदू खुशीत घरी आला. दारात ताई उभी होती आणि पाटीखालून बारीक ओरडणं ऐकू येत होतं.

"सिदू, ते मरंल की रे," ताई म्हणाली. ती चिडलीसुद्धा नाही. त्यामुळे सिदूला जास्त भीती वाटली.

काजळीच्या कासेत थोडा चीक उरला होता. पण आता काजळी पिल्लाला ओळखेना. ते जवळ गेलं की शिंग मारायची. पिल्लू पडायचं, उठायचं, पुन्हा जायचं, पुन्हा पडायचं. सिदूचं तोंड एवढंसं झालं. मेलेल्या पिल्लाच्या गोठ्यात पाऊल ठेवून भागीरथाबाई चहासुद्धा घेणार नव्हत्या. पण त्या वेळी तो हौसाचा विचार करत नव्हता. तो पिल्लाकडेच बघत होता.

"मीठ आणि कोंडा आण," ताई म्हणाली. "पिल्लाच्या अंगाला चोळ. आधी ती मिठासाठी चाटंल. चाटता चाटता वास ओळखंल. एकदा चाटलं की आपलं म्हणंल, मग लांब लोटत न्हाई."

सिदूने चोळलं. काजळीने लांबून वास घेतला. मग पांढऱ्या ठिपक्यावर एकदा जीभ फिरवली. थांबली. पुन्हा फिरवली. कपाळ झालं, कान झाले, पाठ झाली. थोड्या वेळाने पिल्लू तिच्या पोटाखाली शिरलं आणि शेपूट हलवत पिऊ लागलं. काजळीने शिंग उगारलं नाही.

मामा रडला. म्हणजे सिदू रडला.

त्याने टॉवेलच्या चौथ्या कोपऱ्याला इतकी घट्ट गाठ मारली की ती अजून सुटलेली नाही.

"आणि हे बघ," ताई म्हणाली. "शेळीला जे करायचं ते माणसाला करायचं न्हाई. एवढं ध्यानात ठेव."

सिदूने टॉवेल चारही बाजूंनी फिरवून पाहिला. कोपरे संपले होते.

रविवारी सकाळी ताईने एका हाताने अंगण सारवलं. तात्या नवी टोपी घालून आले आणि सिदूला बाजूला घेऊन म्हणाले, "शेळ्या झकास हायत. हौसाच्या मनातबी हाय, मी विचारलं. अडचण एकच, तिची आई. ती बाई कुणाला जवळ येऊ देत न्हाई. दोन स्थळं दारातनंच परत लावलीत. तिनं एकदा तुला आपलं म्हटलं, की लगीन झालं म्हणून समज."

"जवळ येऊ देत न्हाई?" सिदूने विचारलं.

"अजिबात."

"आणि आपलं म्हटलं पाहिजे?"

"तेवढंच पाहिजे."

सिदूचा चेहरा उजळला. "मग सोपं हाय," तो म्हणाला आणि नवा शर्ट घालून कोंड्याच्या डब्याकडे गेला.

भागीरथाबाई आल्या. उंच, सडसडीत, हसण्याची सवय नसलेल्या. त्या पाण्याच्या तांब्याला हात न लावता गोठ्यात गेल्या. चांदीचे खूर बघितले. भुरीच्या पाठीवरून हात फिरवून कास बघितली. भुरी लपली नाही. पिल्लाला उचलून पोट दाबून बघितलं. ते गच्च भरलेलं होतं. त्यांनी एकदा मान हलवली. ताईने आठवडाभर रोखलेला श्वास सोडला.

मग भागीरथाबाई ओट्यावर बसल्या. हौसा त्यांच्या मागे उभी राहिली.

"शेळ्या चांगल्या हायत," भागीरथाबाई म्हणाल्या. "पोरगा कुठं हाय?"

पोरगा आला. केसांत कोंडा. भुवयांवर कोंडा. नव्या शर्टावर कोंडा, आणि घामाने चिकटलेलं मीठ. तो सरळ भागीरथाबाईंपुढे गेला, गुडघ्यांवर बसला, कपाळ पुढे केलं आणि डोळे घट्ट मिटून घेतले.

तात्यांनी टोपी काढून तोंडावर धरली.

"हे काय?" भागीरथाबाईंनी विचारलं.

"मीठ आणि कोंडा," सिदू डोळे न उघडता म्हणाला.

"ते दिसतंय. कशापायी?"

"तुम्ही मला आपलं म्हणावं म्हणून. कपाळापासनं सुरू करा, मावशी. मला घाई न्हाई."

तेवढ्यात मोरणीने कडी काढली. गोठ्यातून चांदी पहिली बाहेर आली. तिने मिठाचा वास घेतला, ती भागीरथाबाईंच्या शेजारून पुढे झाली आणि तिने सिदूच्या कपाळावरून लांबलचक जीभ फिरवली. मग गालावरून. मग कानातून.

सिदूचे डोळे मिटलेलेच होते. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं.

"बास, मावशी, बास," तो म्हणाला. "कानात गुदगुल्या होत्यात. सगळं आजच कशाला, लगीन झाल्यावर रोज हायच की."

हौसा हसता हसता ओट्यावरच बसली. भागीरथाबाईंनी पदर तोंडाला लावला. त्यांचे खांदे हलत होते आणि बराच वेळ थांबले नाहीत. मग त्यांनी चांदीला बाजूला सारलं, सिदूच्या कपाळावर उरलेला कोंडा एका बोटाने पुसला, त्या बोटाकडे पाहिलं, आणि

"रेवे, ए रेवे, बाहेर ये लवकर. तुझ्या शाळंच्या बाई आल्यात. तू वर्गात लांब लांब ऱ्हाती म्हणाल्या, तर तुझा मामा कोंड्याचा डबा घेऊन तुलाच हुडकतोय."

आले, हौसामामी, फक्त एवढी एक ओळ