उठवण्याचा मान थोरलीचा

रक्तपेढीतला कॉम्प्युटर नवाकोरा होता तेव्हाची गोष्ट. त्याच्या पोटात माहिती साठवणाऱ्या दोन जुळ्या डिस्क राहत. थोरली जे लिही, ते धाकटी लगेच उतरवून घेई. पण सकाळी कॉम्प्युटरला हाक मारून उठवायचा मान थोरलीचाच. “ती हाक शिकून तुला काय करायचंय?” ती धाकटीला म्हणे.

एके सकाळी थोरली कायमची बंद पडली. कॉम्प्युटर उठेना, रक्ताच्या नोंदी दिसेनात; बाहेर नातेवाईक रक्तासाठी ताटकळले. कॉम्प्युटरच्या पोटातला पंखा संतापला, “धाकटे, सगळं तुझ्यापाशी आहे ना? मग उठव की त्याला!”

“हाक येत नाही, तर कशी उठवू?” धाकटी कडाडली. “दोघी आहेत, काळजी नको, असं तुम्ही सगळे रोज मिरवत होतात! थोरली धडधाकट होती तेव्हा एकदा तरी तिला गप्प बसवून मला हाक मारायला लावलीत?”

बाहेर कुणीतरी खिडकीची काच ठोठावली.