रावसाहेबांचं पाणी

टेकडीवर रावसाहेब घोरपड्यांनी बंगला बांधला आणि सगळं अंगण फरशीनं मढवलं. पाऊस लागताच त्या फरशीवरून लोंढा सुटला, तो थेट उतारावरच्या गिरजाबाई कुंभारणीच्या पडवीत. वाळत ठेवलेल्या दीडशे कच्च्या मडक्यांचा पुन्हा चिखल झाला.

ग्रामसभेत रावसाहेब गुरगुरले, "पाऊस आभाळातून पडतो. ते पाणी माझं कसं?"

गिरजाबाई उठली. "उन्हाळ्यात तुमचे आंबे माझ्या दारात पडले, तेव्हा तुम्हीच म्हणालात, झाड माझं म्हणून आंबे माझे. मी टोपलीभर पोचते केले. आता फरशी तुमची, तर पाणीही तुमचं. घेऊन जा!"

सभेत हशा पिकला. अखेर रावसाहेबांनी हळूच विचारलं, "पण नेऊ कसं?"

"फरशी उखडा, चर खणा, त्यात खापऱ्या न् वाळू भरा, काठानं वाळ्याचं गवत लावा."

पुढच्या पावसाळ्यात आभाळ फाटल्यासारखं कोसळलं. रावसाहेब छत्री घेऊन अंगणात उभे होते. एवढं पाणी चरात उतरत होतं आणि जमिनीत गुडुप होत होतं. कुंपणाबाहेर एक ओघळ गेला नाही. रावसाहेब बघतच राहिले. मग देवळात शिरावं तशा त्यांनी पायांतल्या वहाणा काढून ठेवल्या.