गोफणीतलं ढेकूळ

ही गोष्ट मला जशीच्या तशी आठवते, असं म्हणायचं धाडस होत नाही. शेत ज्वारीचं होतं की बाजरीचं, इथूनच माझी चलबिचल सुरू होते. भोरड्यांचे थवे ज्वारीवर तुटून पडतात, म्हणून ज्वारीच धरून चालतो.

तर फार जुन्या काळी, माळाच्या कडेला वसलेल्या एका गावात एक राखणदार राहत असे. सगळ्या शिवारातली पाखरं हाकणं हे त्याचं काम. ज्वारीत दाणा भरू लागला की तो शेतातल्या उंच माळ्यावर चढे, आणि कणसं खुडून होईपर्यंत त्याचा दिवस तिथेच जाई. त्याची आरोळी वेशीपर्यंत ऐकू येई. गोफणीतून सुटलेला त्याचा दगड कधी वाया गेला नाही. संध्याकाळी बांधावर मेलेल्या भोरड्या पडलेल्या असत, आणि गाव खूश होऊन त्याला प्रत्येक खळ्यावरून टोपलंभर ज्वारी देई. त्यावर त्याचं घर वर्षभर चाले.

एका वर्षी, दाणा अजून कोवळा असताना, म्हातारा राखणदार अंथरुणाला खिळला. शेवटी त्याने डोळे उघडले, लेकाला विचारलं, "पाखरं आली का रे?" आणि मान टाकली.

त्या गावात एक रीत होती. माणूस जिथे गेलं, त्या जागी दहाव्या दिवशी पीठ पसरायचं, जवळ दिवा लावायचा आणि पिठावर दुरडी पालथी घालायची. सकाळी दुरडी उचलून पिठात ठसा शोधायचा. ज्याचं पाऊल उमटलं असेल, त्याच्या जन्माला माणूस गेलं, असं समजत.

लेकाने दुरडी उचलली. पिठात तीन बोटं पुढे होती आणि एक मागे.

"पाखराचं पाऊल!" शेजारच्या म्हातारीने तोंडावर पदर धरला. "ज्यांना मारलं, त्यांच्यातच गेला गं बाई."

"चिमणी शिरली असेल, मावशी," लेकाची बायको म्हणाली.

"पालथ्या दुरडीत?"

"आमच्या दुरडीला भोकंच किती आहेत बघा ना."

बायकोचं म्हणणं कुणी मनावर घेतलं नाही. लेकाने तर ते ऐकलंच नाही. तो त्या ठशाकडे बघत बसला होता.

त्याच सुमारास देवळात एक पुराणिक आला होता. हरणाच्या पाडसात जीव गुंतलेला एक राजा पुढच्या जन्मी हरीणच कसा झाला, हे तो रंगवून सांगत होता. लोक उठून गेले, तरी राखणदाराचा लेक खांबापाशी उभाच राहिला.

"महाराज, मरताना मनात पाखरं असतील तर?"

पुराणिकाने पोथी बांधता बांधता त्याच्याकडे पाहिलं. "पोथी तर तसंच म्हणते, बाबा."

"मग मी आमच्या आबांना ओळखू येईन?"

"नाही. जन्म बदलला की आठवण मागे राहते. वळण तेवढं पुढे येतं, असं म्हणतात. मी काही पाहून आलेलो नाही."

लेक घरी आला तो जास्तच धास्तावून. बाप समोर आला तरी ओळखणार नाही, आणि आपणही त्याला ओळखणार नाही. मग दगड कुणाला लागतोय, हे कळायचं कसं?

ज्वारी भरली आणि भोरड्या आल्या. आभाळात काळा ढग फिरावा तसा थवा फिरला आणि शेतात उतरला. लेक माळ्यावर उभा होता. गोफणीत दगड होता. हात मात्र वर जाईना.

"काय रे, झोपलास का?" बांधावरून पाटील ओरडले.

"पाटील, त्यांच्यात आमचे आबा असले तर?"

"अरे, तुझा बाप एक होता. एवढे सगळे कुणाचे बाप?"

मागून कुणीतरी म्हणालं, "माझा सासरा दिसला तर सांग रे, नेम मी धरतो!" बांधावर हशा पिकला.

पाटील मात्र हसले नाहीत. "हे बघ, पुढच्या बाजारापर्यंत वाट बघतो. नाहीतर दुसरा राखणदार आणतो. तुझ्या बापासाठी गाव उपाशी ठेवता येणार नाही."

घरी ताटावर बसून तो हिशेब करू लागला. दुसरा राखणदार आला म्हणजे खळ्यावरची ज्वारी बंद. आई, बायको, पोरं खाणार काय?

बायको म्हणाली, "अहो, मामंजी पाखरू झाले असले, तरी ते गावच्या कणसाला चोच लावतील का? तिथेही बाकीच्यांना हाकलत असतील."

त्याला हसू आलं, आणि लगेच घाम फुटला. "म्हणजे थव्यात सगळ्यांत पुढे तेच असतील. दगड आधी त्यांनाच लागायचा!"

बाजार तोंडावर आला. त्या दिवशी तो बायकोला बरोबर घेऊन शेतात गेला, माळ्यावर चढला, डोळे मिटले आणि गोफण फिरवून सोडली. थवा उडाला. एक भोरडी गिरक्या खात खाली आली.

तो धावला. पंख मोडलेलं ते पाखरू त्याने ओंजळीत घेतलं. गुलाबी अंग, काळं डोकं.

"आबा?" तो हळूच म्हणाला.

पाखराने त्याच्या बोटाला कडकडून चोच मारली.

"मामंजींनी तुम्हाला कधी एक चापट तरी मारली होती का?" बायको म्हणाली. "हे नव्हेत ते."

"आठवण राहत नाही म्हणे."

पाखराची छाती त्याच्या तळव्यावर धडधडत होती. ती आबांची की दुसऱ्या कुणाची, हे त्याला कळेना. पण ती भीती त्याच्या ओळखीची होती. दुरडी उचलल्यापासून तीच त्याच्या स्वतःच्या छातीत होती. मग धडधड थांबली. पाखराची मान कलली. आबांची कलली होती, अगदी तशीच.

थवा एक चक्कर मारून पुन्हा ज्वारीवर उतरू लागला होता.

त्याने खिशातले दगड काढून बांधाखाली टाकले. मग वाकून नांगरटीतलं एक ढेकूळ उचललं, गोफणीत घातलं, फिरवलं आणि सोडलं. ढेकूळ पाखरांच्या वर फुटलं. मातीचा सडा पडला आणि सगळा थवा भर्रकन उडाला. खाली एकही पडलं नाही.

पण ढेकूळ दगडासारखं लांब जात नाही. माळ्यावर उभं राहून सगळं शिवार राखणं त्याला जमणार नव्हतं. म्हणून तो माळ्यावर पुन्हा चढला नाही, या बांधावरून त्या बांधावर पळू लागला. जिथे ढेकूळ पोचेना, तिथे तो घसा फोडून आरोळी ठोकी. त्याच्या बापाला कधी असं पळावं लागलं नव्हतं. हा मात्र रोज पळाला. पाय सोलवटले, आवाज फुटला, बसला, आणि पुन्हा उघडला तो वेगळाच होऊन.

घरी अंगणात त्याची म्हातारी आई डाळ पाखडत होती. तिचे हात थांबले.

"सूनबाई, शिवारात कोण ओरडतंय गं?"

"तुमचाच लेक, आत्याबाई."

"आवाज तर यांचा आहे," म्हातारी म्हणाली, आणि तिने डोक्यावरचा पदर सारखा केला.

ज्वारी खळ्यावर आली. पाटलांनी रास डोळ्यांनी जोखली. "पीक राखलंस खरं. पण थोडं पाखरांनी नेलंच."

"नेलं असेल, पाटील. त्यात आबांचा वाटा धरा."

बांधावर हसलेलं कुणी या वेळी हसलं नाही. पाटलांनी टोपलं भरलं, आणि वर आणखी एक ओंजळ टाकली.

आबा त्या थव्यात होते की नव्हते, हे लेकाला शेवटपर्यंत कळलं नाही.

तात्पर्य, मला उमगलं तेवढं: गेलेलं माणूस कोणत्या रूपात परत येईल ते कुणालाच ठाऊक नसतं; म्हणून ओळख पटण्याची वाट न बघता, समोरच्या जिवावरचा हात आधीच हलका करावा.

तात्पर्य चुकलं असेल, तर ते माझं. एवढं मात्र मी, ही गोष्ट ऐकल्यानंतर फार वर्षांनी, डोळ्यांनी पाहिलं. माळाच्या कडेच्या अशाच एका गावी गेलो होतो. ज्वारी भरली होती. एक बाई बांधावरून गोफण फिरवत होती, आणि पाखरांच्या वर माती फुटत होती. मी तिला विचारलं, "दगड का नाही घालत, बाई?"

तिने गोफणीत दुसरं ढेकूळ घातलं. "काय की, आजोबा. का ते कुणाला आठवत नाही. आमच्या घरात दगड घालत नाहीत, एवढंच."