अखंड मानेचा आग्रह

मिरजेच्या नफीसा सतारमेकरने नव्या रीतीची इलेक्ट्रिक गिटार घडवली, तेव्हा वादकांत दोन तट पडले. गिटारीची मान तिने एका लाकडातून कोरली नव्हती. लाकडाच्या पातळ पट्ट्या जोडून, बोटं फिरतात त्या पट्टीसकट तिने ती एकजीव केली होती.

तरुण वादक एल्विनला ती गिटार संगीत महोत्सवात वाजवायची होती. पण महोत्सवाचे प्रमुख गुरुदास पाठारे, मोठे नावाजलेले गिटारवादक, गिटारीकडे बघूनच कडाडले, "जोडकामाची मान? सूर सांध्यात अडकून मरेल! हे खेळणं माझ्या मंचावर चढणार नाही."

"सर, एकदा ऐका तरी," नफीसा म्हणाली.

एल्विनने तार छेडली. सूर उठला तो विरेचना. एवढा निर्मळ, एवढा लांब सूर त्याच्या बोटांतून कधीच निघाला नव्हता. त्याच्या अंगावर काटा आला. समोर पाठारेंचे डोळे मिटले होते आणि मान संथ डोलत होती.

सूर थांबताच ते सावरून बसले. "ते काही असो. मान अखंडच हवी!"

"सर, वरच्यानं तुमची मानसुद्धा सात मणके जोडूनच घडवलीय," नफीसा हसून म्हणाली. "अखंड असती, तर आत्ता डोलली असती का?"

एल्विनने श्वास रोखला. पाठारेंचा हात नकळत स्वतःच्या मानेवर गेला आणि ते खो खो हसत सुटले.

"संध्याकाळी पहिला तूच बस रे एल्विन," ते म्हणाले. "पण आधी ती इकडे आण. मला वाजवायचीय."